जोडा जमायला वेळ लागतो!

मराठीत ‘जोडा’ या शब्दाचे दोन अर्थ. एक जोडा लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर उभा असतो आणि दुसरा हॉलच्या बाहेर, चोरीला जायची वाट बघत. दोघांच्याही बाबतीत आपली घाई सारखीच. दिसायला सही आहे, साइझ बसतेय, बजेटमध्ये आहे... चला, पॅक करा! मग चावायला लागला की ‘होईल गं हळूहळू सवय’ म्हणायला घरातली मोठी माणसं तयारच असतात. पहिल्या जोड्याबद्दल मी काही बोलणार नाही (आई हा कॉलम वाचते). या आठवड्यात फक्त दुसरा. आणि तोही साधासुधा नाही. जाड चामड्याचा, घोट्याच्या वर येणारा, हातात घेतला की ‘बाप रे!’ म्हणायला लावणारा ट्रेकिंग बूट.

निमित्त माझ्या एका मैत्रिणीचं. ती रत्नागिरीतल्याच एका बँकेत नोकरीला आहे. गेल्या वर्षी तिने एकेक सुट्टी वाचवून हिमालयातला ट्रेक बुक केला. सॅक, जॅकेट, टोपी, सगळी तयारी महिनाभर आधी. बूट मात्र आले निघायच्या दोन दिवस आधी, आणि पायात गेले ते थेट बेस कॅम्पवर. पहिल्या संध्याकाळी दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड. दुसऱ्या दिवशी उतारावर अंगठ्याची नखं काळीनिळी. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय बुटात जाईचना. ग्रुप वर पासकडे निघाला आणि ही एका खेचरावर बसून खाली आली. पैसे गेले, रजा गेली. पण तिला सगळ्यात जास्त लागलं ते सोमवारी काउंटरवर बसल्यावर प्रत्येकाने विचारलेलं ‘काय मग, कसा झाला ट्रेक?’

यंदा ती परत जातेय. जूनमध्ये हंपटा पास, साधारण १४ हजार फूट. सोबत मी. ‘या वेळी बुटांमुळे परत यायला लागलं ना, तर यापुढे ट्रेकचं नाव काढणार नाही,’ असं तिने मला बजावून ठेवलंय. तिच्या बोलण्यात गंमत नव्हती. म्हणून या वेळी बूट सहा आठवडे आधी घेतले, आणि सध्या रत्नागिरीच्या भर उन्हाळ्यात दोन मुली घोट्याएवढे बूट घालून फिरताना दिसल्या तर त्या आम्हीच!

एवढे जड बूट कशाला?

हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो आणि तो रास्त आहे. सह्याद्रीत पिढ्यान् पिढ्या लोक कॅनव्हासच्या हंटर शूजवर गड चढले. नंतर ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’चा जमाना आला. आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात रसाळगड-सुमारगड-महिपतगड करायला जा. तुम्ही घाम पुसत बसलेले असता आणि बाजूने एखादी आजी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, प्लास्टिकच्या चपलेत, तुमची चौकशी करत निघून जाते. एका दिवसाच्या गडासाठी चांगल्या पकडीचे हलके शूज पुरतात, यात वादच नाही. पावसात शेवाळलेल्या कातळावर तर चामडं काही कामाचं नाही. तिथे तुम्हाला सोलचं रबर सांभाळतं.

जाड चामड्याचा बूट लागतो तो वेगळ्या कामाला. पाठीवर दहा-बारा किलोची सॅक, सलग चार-पाच दिवसांची चाल, पायाखाली घरंगळणारे दगड आणि मध्येच बर्फ. अशा वेळी कडक सोल तळव्याला दगडांचा मार लागू देत नाही, आणि उंच कॉलर घोटा मुरगळण्यापासून बऱ्यापैकी वाचवते. या बुटांच्या सोलवर बऱ्याचदा एक पिवळा बिल्ला दिसतो, ‘व्हायब्रम’. त्यामागची गोष्ट दुःखद आहे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक व्हिटाले ब्रामानी यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले. तशा हवामानात पायातली पादत्राणं कुचकामी ठरली, हे त्यामागचं एक कारण होतं. ब्रामानींनी त्यानंतर खोल खाचांचं रबरी सोल बनवलं. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेने के-टू पहिल्यांदा सर केलं, तेव्हा चढाई करणाऱ्यांच्या पायात हेच सोल होतं. त्यांच्याच नाव-आडनावाचे तुकडे जोडून ‘व्हायब्रम’ हा ब्रँड झाला. म्हणजे बुटाचा विषय ‘फॅशन’च्या पानावर छापला, तरी तो तेवढ्यापुरता नाही.

संध्याकाळी जा, मोजे घेऊन जा

आम्ही बूट घ्यायला आंबा घाटातून एसटीने कोल्हापूर गाठलं. पोचेपर्यंत पाय सुजून टम्म. आणि बूट घ्यायला हीच बेस्ट वेळ! दिवसभरात पाय थोडे सुजतात, ट्रेकमध्ये तर आणखी. सकाळी फिट्ट बसलेला बूट संध्याकाळी शत्रू होतो. दुसरा फंडा म्हणजे ट्रेकला घालणार तेच जाड मोजे घेऊन जा. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर बूट ट्राय करणं म्हणजे उपाशीपोटी ब्लाउज शिवायला टाकणं.

दुकानात बुटाच्या आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही बरं! माझ्या मैत्रिणीचं अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे. शिवाय बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. साइझ मोठ्या पायाची घ्यायची. मग लेस घट्ट बांधून दुकानाचा जिना उतरा, चार-पाच वेळा. उतरताना बोटं पुढे आपटली तर बूट कितीही सुंदर असो, परत ठेवा. चढताना टाच थोडीशी उचलली गेली तर नवीन बुटात ते चालतं, पण टाच आत वरखाली नाचत असेल तर नाही.

आणि रुंदी! चेन्नईच्या सीएलआरआय या सरकारी चर्मसंशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्यातून निघालं की आपले भारतीय पाय युरोपियन आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद आहेत. आपण मात्र ब्रिटिश नंबरांचेच बूट घालत आलोय. रुंदी मिळत नाही म्हणून एक नंबर वरचा घेतो, मग टाच सैल होते. (याच अभ्यासातून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली.) त्यामुळे सेल्समनने ‘हाच साइझ आहे तुमचा’ म्हटलं तरी दुसऱ्या कंपनीचा बूटही घालून बघा. तो कंटाळला तर कंटाळू दे. फोड त्याच्या पायाला येणार नाहीत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

एक महत्त्वाचं. चामडं वापराने रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. म्हणजे बाजूने किंचित घट्ट असलेला बूट सुधारू शकतो. पुढे आपटणारा बूट कधीच सुधारणार नाही.

आजोबांची कोल्हापुरी आठवते का?

बूट पायात मुरवणं आपल्याला नवीन नाही. कोल्हापुरी चपलेचं काय वेगळं होतं? नवीन जोड आणला की तो लाकडासारखा कडक. मग त्याला तेल लावायचं, घरातल्या घरात घालायचा, अंगठ्याला लागला की दोन दिवस सुट्टी, परत घालायचा. महिन्याभराने तोच जोड असा व्हायचा की दुसऱ्या कुणाच्या पायात बसायचा नाही. (कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातलेही चार त्यात आहेत.) विज्ञान तेच. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. पायाची ऊब, घामाचा ओलावा आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी पडणारी घडी, यांनी ते तंतू थोडे मोकळे होतात आणि पायाचा आकार घेतात. याला शॉर्टकट नाही.

लोक मात्र शॉर्टकट शोधतातच. बूट पाण्यात बुडवून चुलीजवळ वाळवा, हेअर ड्रायर मारा, हातोडीने ठोका... प्लीज, काहीही करू नका. फार उष्णतेने चामडं आक्रसतं, तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. कोल्हापुरीला पाजतो तसं भरपूर तेलही नको. बूट लोण्यासारखा मऊ पडला की घोट्याला मिळणारा आधारच गेला. कंपनीने सांगितलेलं क्रीम किंवा वॅक्स, तेही पातळ हात.

आमचं टाइमटेबल असं आहे. पहिला आठवडा फक्त घरात, रोज तासभर. मी लेख टाइप करताना बूट घालून बसते आणि दर पंधरा मिनिटांनी उठून फिरते. याचा फायदा असा की बूट कुठे टोचला तर तो स्वच्छ राहिलेला असतो, दुकानदार बदलून देऊ शकतो. दुसरा आठवडा जिने, भाजी, रामआळीतली कामं. तिसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी रत्नदुर्ग. हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, आणि बूट मुरवायला आणखी काय पाहिजे? डांबरी चढ, पायऱ्या, जांभ्याचे खडबडीत दगड, सगळं एकाच फेरीत. वर भगवतीच्या देवळापाशी बूट काढायचे, पाय कोरडे करायचे, लाल झालेली जागा बघायची. चौथ्या आठवड्यात पाठीवर पाच किलो, मग आठ. पाचव्या आठवड्यात एक अख्खा दिवस. सहावा आठवडा आराम, म्हणजे काही जखम असेल तर भरून येईल.

सड्यावर लांब चालायचं असेल तर जरूर चाला, पण एक विनंती. उक्षीसारख्या ठिकाणी कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे बुटांनी रेघांवर चढू नका, बाजूने बघा.

लाल झालं की थांबा

फोड अचानक येत नाही. आधी त्या जागी गरम लागतं, मग लाल होतं, मग पाणी धरतं. गरम लागलं त्याच मिनिटाला थांबून तिथे टेप लावायची. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हणालात की संपलं. ओल्या त्वचेला घर्षण जास्त बाधतं, म्हणून सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक मिश्रणाचे घ्या. नखं आधीच कापा. आणि टाच उचलली जात असेल तर घोट्याजवळ, हुक सुरू होतात तिथे, लेसला एकाऐवजी दोन वेढे देऊन आवळा. खालची लेस सैल, वरची घट्ट, असं दोन्ही जमतं.

मैत्रिणीच्या उजव्या बुटात करंगळीच्या बाजूला एक जागा तिसऱ्या आठवड्यातही ऐकेना. तिचा चेहरा पडला. तिला गेल्या वर्षीची तिसरी सकाळ आठवली असणार. मग आम्ही एसटी स्टँडजवळ बसणाऱ्या काकांकडे गेलो. रापी, आरी आणि लाकडी कलबूत घेऊन ते तिथे कित्येक वर्षं बसतात. त्यांनी बुटात हात घालून चाचपलं आणि म्हणाले, ‘ताई, चामडं चांगलं आहे. शिवण आतून उभी राहिलीये.’ शिवण दाबून बसवली, त्या जागेवर चामड्याचा छोटा तुकडा चिकटवलेलं कलबूत आत घालून बूट रात्रभर ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी ती जागा टोचायची थांबली. घेतले फक्त पन्नास रुपये. आम्ही जास्त देत होतो, तर म्हणाले, ‘डोंगरावरून आलात की सांगा, टिकलं का ते.’

आणि मग आपला पाऊस

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे जुलैमध्ये कपाटातल्या पट्ट्याला, पर्सला, सगळ्याला बुरशी येते, मग बुटाची काय कथा! ओला बूट उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवू नका. आतला सोल काढा, लेस सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. बोळे दोन-तीनदा बदला. (माझे जुने लेख या कामी उत्तम चालतात. ओलावा छान शोषतात.) प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकू नका. दुसरी गोष्ट सोलची. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो आतून ठिसूळ होतो आणि बूट दिसायला नवा असला तरी सोल चालता चालता गळून पडतं. कुणाकडून जुने ‘एकदाच घातलेले’ बूट मागून नेणार असाल तर आधी सोल वाकवून बघा, आणि दोन-चार दिवस चालून बघा.

आमचा सध्या चौथा आठवडा चालू आहे. काल मैत्रीण बँकेतून थेट किल्ल्यावर आली, ऑफिसचे सँडल्स पिशवीत आणि बूट पायात. आठ किलोची सॅक घेऊन दोन फेऱ्या मारल्या. देवळापाशी तिने मोजे काढले आणि दोन्ही टाचा मला दाखवल्या. कुठेही लाल नाही. ती काही बोलली नाही, फक्त फोन काढून टाचांचा फोटो घेतला. अजून दोन आठवडे आहेत, आणि तिची रजा मंजूर झालीये.

तुमचीही मे-जूनची तिकिटं काढून झाली असतील, तर बूट आजच डब्यातून बाहेर काढा. टीव्हीसमोर घाला, भाजी आणायला घाला. लोक हसतील, हसू दे.