शुभ्र, पण अनुद्धत

भौतिकोपचारतज्ज्ञांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी काढले. दुसऱ्याच दिवशी, अधिक विचार आवश्यक असल्याचे सांगून ते मागेही घेतले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या अभ्यासक्रमाने या तज्ज्ञांना नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावण्याची मुभा दिली होती. वादाचे मूळ तेथे होते. एका उपाधीपायी शासनाला दोन दिवसांत दोन पत्रे लिहावी लागतात, यावरून तिचा मोह किती खोल आहे हे कळते.

या वादात रुग्णाचा विचार कोणी केला? दोंडाईच्याच्या बाजारात मिरची घेऊन आलेला शेतकरी पाठ धरली म्हणून दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा पांढरा अ‍ॅप्रन घातलेला प्रत्येक जण त्याच्या लेखी डॉक्टरसाहेबच असतो. एमबीबीएस कोण, बीएएमएस कोण, दंतवैद्य कोण आणि रक्त तपासणारा तंत्रज्ञ कोण, हे त्याने ओळखायचे कसे? त्याच्यासमोर उपाधी हवीच. पण पात्रतेसह, देवनागरीत आणि ठळक अक्षरांत. (आयुर्वेदाच्या काही पदवीधरांना ‘वैद्य’ म्हणवून घेण्यात कमीपणा का वाटावा, हे प्रस्तुत लेखकाला आजवर उमगलेले नाही.)

सहकाऱ्यांमधील व्यवहार मात्र निराळा आहे. तेथे एक ‘सर’, एक ‘मॅडम’, बाकीच्या ‘सिस्टर’, आणि सर्वांत खाली ‘मामा’ नि ‘मावशी’. ही नाती गोड खरी, पण त्यांच्या आड माणसाचे नाव हरवते. अमुक सरांना चुकीचे इंजेक्शन भरताना पाहिलेली परिचारिका ‘बोलू की नको’ असे घुटमळते, तेव्हा तो क्षणाचा संकोच रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-तपासणी सूची दिली. तीत त्वचेवर छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे स्पष्ट कलम आहे. ज्याने एकदा स्वतःचे नाव उच्चारले, त्याला पुढे शंका उच्चारणे सोपे जाते, हे त्यामागील साधे मानसशास्त्र. सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी २०१७ मध्ये आपल्या टोपीवरच नाव व काम लिहिले. आरंभी थट्टा झाली, पुढे अनेक देशांतील सहकाऱ्यांनी अनुकरण केले.

वेषाचीही तीच गत. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये, बाह्यांवरून जंतू पसरू नयेत म्हणून, रुग्णसेवेत कोपराखाली हात उघडे ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि लांब बाह्यांचा पांढरा कोट तेथे मागे पडला. आपल्याकडे तोच अ‍ॅप्रन घालून चहाच्या टपरीवर उभे राहण्यात भूषण वाटते!

वास्तविक याबाबत बाहेरून शिकण्याची वेळ आपल्यावर यायला नको होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात व्यवसायास निघालेल्या वैद्याचे वर्णन आहे. त्याने शास्त्र शिकलेले असावे, कर्म पाहिलेले व केलेले असावे, राजाची अनुज्ञा घेतलेली असावी. नखे कापलेली, वस्त्र शुभ्र आणि वेष ‘अनुद्धत’ असावा. आजची नोंदणी आणि आजची स्वच्छता या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. शिवाय उद्धटपणाला मज्जावही आला. चरकांनी तर चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि रुग्ण यांच्या पंक्तीत परिचारकाला बसविले. वैद्याला त्यांनी प्रमुख मानले, हे नाकारण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियागृहात अंतिम शब्द एकाचाच असावा लागतो. परंतु अंतिम शब्द एकाचा असणे निराळे आणि पहिला शब्द उच्चारण्याची इतरांना चोरी असणे निराळे.

खानदेशातील रुग्णालयांनी यासाठी दिल्लीच्या तिसऱ्या पत्राची वाट पाहू नये. छातीवर देवनागरी बिल्ला, त्यावर नाव, पात्रता आणि काम. बिल्ला सर्जनचा असो वा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा, अक्षरांचा आकार एकच. आणि कक्षाबाहेरच्या फलकावर त्या दिवशीच्या मावशींचेही पूर्ण नाव.