पत्त्याचा दाखला आणि घरातली जोडणी

नोकरीनिमित्त म्युनिक किंवा श्टुटगार्ट येथे बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसाला घरात दूरध्वनी व इंटरनेट घेण्याचा प्रसंग आला, की ज्या देशाच्या शिस्तीची कीर्ती आपण लहानपणापासून ऐकली तेथे एका जोडणीसाठी आठवडेच्या आठवडे का जावेत, असा प्रश्न त्याला पडतो. आणि ‘आपल्याकडे दुसऱ्या दिवशी माणूस वायर घेऊन हजर होतो’ हा दाखला तो हटकून देतो. तक्रार खोटी नाही; पण दोष तिथल्या ढिलाईचा आहे, हे त्यामागचे निदान मात्र मला चुकीचे वाटते.

आपल्याकडे माणसाची ओळख आता अंगठ्याच्या ठशाशी बांधलेली आहे, जर्मनीत ती रहिवासाशी. नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात ‘आनमेल्डुंग’ म्हणजे रहिवासाची नोंद करावयाची, तिच्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला आणावयाचा, तीच नोंद पुष्कळदा बँकेस दाखवावयाची, आणि मग त्या बँकेच्या खात्यातून दरमहा आकार वळता करून घेण्याची संमती देऊन इंटरनेटचा करार करावयाचा, असा हा क्रम आहे. एवढे झाल्यावरही दारावरील घंटेशी आडनाव लावलेले नसेल, तर आलेला तंत्रज्ञ आल्या पावली परत जाण्याचा संभव असतो. कारण तेथील इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात, नावावरूनच घर ओळखतात. पोटभाडेकरू म्हणून एखाद्या खोलीत उतरलेल्या विद्यार्थ्याचे हाल तर विचारूच नयेत.

कायदा मात्र ग्राहकाच्या बाजूचा आहे. १ डिसेंबर २०२१ पासून अमलात असलेल्या दूरसंचार कायद्यान्वये पहिल्या कराराची मुदत २४ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. ती संपल्यावर करार आपोआप लांबला, तरी तो एक महिन्याच्या सूचनेने केव्हाही मोडता येतो. आणि तंत्रज्ञाने ठरलेली वेळ चुकविली तर १० युरो अथवा मासिक आकाराच्या २० टक्के, यांपैकी मोठी असेल ती रक्कम ग्राहकाला मागता येते. करार करण्यापूर्वी त्याचा सारांश ग्राहकाच्या हाती देणेही कंपन्यांवर बंधनकारक आहे.

हे सारे हक्क जर्मन भाषेत आहेत, आणि खरी अडचण येथेच आहे. पहिल्या काही महिन्यांच्या सवलतीला भुलून २४ महिन्यांच्या करारास संमती देणाऱ्या नवागताला १२ महिन्यांचा करार देऊ करणेही कंपनीला भाग आहे, हे ठाऊक नसते. मुक्काम किती, याची त्याला स्वतःलाच खात्री नसते. ज्या राज्याने १ मार्च २०२० पासून खास कायदा करून परदेशी कुशल कामगारांना आपली दारे अधिक उघडली, त्याने तो दोन-तीन पानी सारांश निदान इंग्रजीत तरी देण्याची सक्ती कंपन्यांवर करावी. तोवर नवागताने प्रथम प्रीपेड मोबाइलवर भागवावे, घंटेवर नाव लावून घ्यावे आणि मोठ्या कराराची घाई करू नये.