स्वदेशीची घोषणा, परदेशी चुंबक

ध्वनिक्षेपक कुठल्या देशात बनला याने काय बिघडते, आवाज खणखणीत असला म्हणजे झाले, असा युक्तिवाद हल्ली सुशिक्षितही करतात. हा भोळेपणा महागात पडणारा आहे.

तिरोड्याचेच पाहा. ३,३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र असलेले हे गाव राज्याला वीज पुरवते. पण येथील उत्सवमंडपात गर्जणाऱ्या ध्वनिक्षेपकाचे हृदय म्हणजे त्यातील लोहचुंबक. वजनाने हलक्या, आधुनिक ध्वनिक्षेपकांत निओडिमियमचे चुंबक असते आणि जगातील असे बहुतांश चुंबक चीनमध्ये बनतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याचा फास आवळला, तेव्हा आपल्या मोटार उद्योगाची झोप उडाली. वास्तविक केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत हीच मूलद्रव्ये आहेत! नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, दिशा योग्य आहे.

मात्र सुटे भाग आयात करून वर देशी नावाची पट्टी चिकटवणे म्हणजे स्वदेशी नव्हे. १९०५ साली लोकमान्यांनी स्वदेशीचा मंत्र दिला, तो ग्राहकाच्या विवेकाला उद्देशून होता. मंडळांनी ध्वनिक्षेपक घेताना आधी त्याच्या पोटात डोकावावे. परक्याच्या चुंबकावर दिलेली स्वदेशीची घोषणा परक्याच्या मर्जीनेच ऐकू येते!