नवस बोला, पण आधी मुलाचा एक्स-रे काढा

तिरुवलंचुळीचा श्वेतविनायक समुद्राच्या फेसाचा, अशी श्रद्धा. म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक नाही. भीमसेनी कापराची पूड तेवढी उधळतात. कुंभकोणम् आणि तंजावरच्या मराठी मंडळींनो, मुलांच्या दुखण्यासाठी त्याला साकडं जरूर घाला. पण पोराचा पाय रात्री ठणकत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. हात जोडून सांगतो.

अशा ठणक्यामागे ईविंग सारकोमा असू शकतो. हा कॅन्सर बहुतेक वेळा दहा ते वीस या वयात हाडाला किंवा लगतच्या मांसाला होतो. हाडामांसातला पीएनईटी नावाचा कॅन्सर पूर्वी वेगळा आजार मानत; दोन्हींत जनुकांची तीच अदलाबदल सापडली आणि तो याच कुळातला ठरला. हा आजार फसवा आहे. अंगात ताप, पायाला सूज, म्हणून हाडात पू झाला असं वाटतं. दुखणं मध्येच ओसरतं, मग वाढीचं दुखणं म्हणून महिने निघून जातात. पोरगं मध्यरात्री उठून बसतं, मांडीला बोट लागलं तरी पाय आखडून घेतं, आणि आपण तेल चोळत बसतो. चोळू नका. हाडवैद्याकडे नेऊन पट्ट्या बांधू नका. गाठीला कुठेही चीर देऊ नका. तुकडा तपासायचा तर पुढचे उपचार जिथे होणार, तिथेच.

लहान मुलांत मेडुलोब्लास्टोमा हा आणखी एक कॅन्सर लहान मेंदूत वाढतो. सकाळी उठताच डोकेदुखी, उलटी, चालताना झोक जाणं. हे दिसलं तर पित्त समजून थांबू नका.

गाठ पसरण्याआधी नीट उपचार मिळाले, तर ईविंगची दहापैकी सात मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. फुप्फुसांत, इतर हाडांत पसरल्यावर तीनसुद्धा कठीण. चेन्नईत अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट १९५४ पासून उभी आहे, पुदुच्चेरीला जिपमर आहे, मुंबईत परळचं टाटा रुग्णालय.

आणखी एक, फार महत्त्वाचं. दोन-तीन केमोंनंतर गाठ वितळते, मूल हसू-खेळू लागतं आणि घरचे त्याला परत आणतात. आणू नका! उपचार आठ-दहा महिने, कधी वर्षभर चालतात. अर्धवट सोडलेला आजार उलटतो, तेव्हा औषधं पहिल्यासारखी लागू पडत नाहीत. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी सांगा, मुख्यमंत्री आरोग्य विमा योजनेचं विचारा. शेजाऱ्यांनो, नातलगांनो, त्या घराला रक्तदाते मिळवून द्या, धाकट्या भावंडांना सांभाळा, म्हणजे आईवडिलांना एकही केमो चुकवावी लागणार नाही.