मोनोफिन : पायात घालण्याआधी, पायातून काढल्यावर

पोहण्याच्या वर्गाला जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हल्ली ‘मोनोफिन’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. माशासारखी शेपटी हलवत पाण्याखालून सुळकन् जाणारा पोहणारा मोबाइलवर दिसला, की घरी हट्ट सुरू होतो. घ्यावा का, घेतला तर कोणता, असे पालक विचारतात. शाळेने काही मोनोफिन घ्यावेत, अशीही सूचना पुढे आली आहे. या विषयावरचे आमचे मत आम्ही येथे मांडत आहोत.

मोनोफिन म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच रुंद पाते. दोन्ही पावले शेजारीशेजारी रबरी बुटांत घालायची आणि सारे शरीर लाटेसारखे हलवायचे. या साधनाचा स्वतंत्र खेळ आहे. त्याला ‘फिनस्विमिंग’ म्हणतात. 1959 मध्ये स्थापन झालेली ‘सीमास’ ही जागतिक संघटना तो चालवते. त्यातले अव्वल पुरुष जलतरणपटू 100 मीटर अंतर 35 सेकंदांच्या आत कापतात. याउलट फ्री स्टाइलमध्ये चीनच्या पान झानलेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये केलेला विश्वविक्रम 46.40 सेकंदांचा आहे. एवढा फरक त्या एका पात्याने पडतो.

मात्र आपली मुले ज्या शालेय आणि राज्य स्पर्धांत उतरतात, तिथे पायात फिन घालून पोहता येत नाही. तेव्हा मोनोफिन आपल्यासाठी केवळ सरावाचे साधन आहे. तो घालून मूल किती वेगाने गेले याला आमच्या लेखी महत्त्व नाही. तो काढल्यावर त्याचे पाय काय शिकले, एवढेच पाहायचे.

आमच्या बेळगाव परिसरातल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधत. तो बांधायचा तो एक दिवस सोडण्यासाठीच. जन्मभर भोपळा बांधून पोहणाऱ्याला कोणी पोहणारा म्हटले नाही. मोनोफिनलाही हाच न्याय लावावा. फरक एवढाच, की भोपळा न येणाऱ्याला तारत असे. मोनोफिन मात्र चांगले पोहता येणाऱ्यानेच घालायचा असतो, कारण तो दोन्ही पाय एकत्र बांधून टाकतो.

त्याचा उपयोग कुठे होतो? 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने 100 मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्णपदक मिळवले आणि अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने रौप्य. दोघेही पहिल्या लांबीचा बराच भाग पाण्याखालून डॉल्फिन किक मारत गेले होते. पुढे या प्रकाराला नियमाने मर्यादा घातली. आज बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्री स्टाइलमध्ये सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर 15 मीटरपर्यंतच पाण्याखालून जाता येते. पण ते 15 मीटर फार मोलाचे असतात. 25 मीटरच्या तलावात तर प्रत्येक लांबीला ते मिळतात.

या किकमध्ये आपली बहुतेक मुले एकच चूक करतात. ती गुडघ्यातून पाय दुमडून खाली आपटतात आणि वर आणताना पाय नुसते सोडून देतात. चांगली लाट छातीपासून सुरू होते, कमरेतून पुढे जाते आणि पावलांत संपते. तिच्यात खालचा फटका आणि वरचा फटका दोन्हींचे काम सारखे असते. रुंद पाते हे लगेच उघडे पाडते. गुडघा जास्त वाकला की पाते पाण्यात घसरते आणि मूल जागच्या जागी राहते. लाट नीट झाली की पाण्याचा दाब तळपायाला जाणवतो. जे शिक्षकाने दहा वेळा सांगूनही कळत नाही, ते असे एका लांबीत कळते.

आता निवडीविषयी. पाते मऊ आणि लहान असावे. स्पर्धेचे मोनोफिन काचतंतूचे किंवा कार्बनचे, सुमारे पाऊण मीटर रुंद आणि ताठ असतात. मुलांच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर आणि कमरेवर त्यांचा फाजील ताण येतो. महाग म्हणजे चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. पावलाचे माप पाण्यात भिजवून घ्यावे. बोटे मुडपता कामा नयेत, टाच सैल राहता कामा नये. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठा घेण्याची आपली गणवेशाची सवय इथे उपयोगाची नाही. सैल बूट पाय सोलतो आणि लाटही बिघडवतो. टाचेचा पट्टा मुलाला स्वतःच्या हाताने पाण्यातच काढता आला पाहिजे. कमरेपर्यंत कापडी शेपटी असलेले जलपरीचे खेळणे सरावासाठी मुळीच घेऊ नये. घाबरलेल्या मुलाला त्यातून पाय सोडवता येत नाहीत.

वापराचा क्रमही ठरलेला असावा. आधी उघड्या पायांनी डॉल्फिन किक, मग दोन सुटे आखूड फिन, आणि त्यानंतर मोनोफिन. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. हात पुढे ताणून, एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, दंड कानांशी लावून 15 मीटर जायचे, वर येऊन पुरेसा श्वास घ्यायचा, मग पुन्हा. शेवटच्या काही फेऱ्या मोनोफिन काढून करायच्याच. तो काठावर बसून घालावा आणि घातल्यावर चालू नये. एका लेनमध्ये एकच मूल असावे, कारण त्या पात्याचा फटका शेजाऱ्याला चांगलाच लागतो.

सर्वांत महत्त्वाचे श्वासाचे. मोनोफिनने अंतर झपाट्याने कापले जाते, म्हणून ‘एका दमात कोण लांब जातो’ अशी पैज हमखास लागते. काही मुले त्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातला प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची निकड मुख्यतः त्याच वायूमुळे जाणवते. तो कमी असल्याने गुदमरल्याची सूचना वेळेवर मिळत नाही, इकडे प्राणवायू संपत जातो आणि मूल आवाज न करता पाण्याखाली बेशुद्ध पडते. छातीइतक्या पाण्यात, उत्तम पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडते. म्हणून आमचा आग्रह आहे, की दम रोखण्याच्या पैजेला पूर्ण बंदी असावी आणि काठावर पाण्याकडे पाहणारे मोठे माणूस असल्याखेरीज मोनोफिन कोणाच्याही पायात जाऊ नये.

विश्वस्तांना आमची विनंती अशी. प्रत्येक पालकाला खर्चात घालण्यापेक्षा शाळेने मऊ पात्याचे, वेगवेगळ्या मापांचे थोडे मोनोफिन घ्यावेत आणि ते शिक्षकांच्या ताब्यात राहावेत. वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन, सावलीत, सपाट ठेवले तर ते बरीच वर्षे टिकतील. मात्र एवढेच पैसे असतील आणि काठावर लक्ष ठेवणाऱ्या जाणत्या माणसाची सोय आधी व्हायची असेल, तर मोनोफिनने थांबावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, एक वही ठेवा. आज उघड्या पायांनी 15 मीटर जायला किती किक लागल्या, ते लिहा. महिनाभराच्या सरावानंतर पुन्हा उघड्या पायांनीच मोजा. आकडा कमी झाला, तर मोनोफिन कामी आला. तेवढाच राहिला, तर नवा फिन मागू नका, शिक्षकांकडे जा आणि लाट पुन्हा पहिल्यापासून शिका.