विश्लेषण : मैफल सुटते, अखेरची गाडी चुकते

नवी मुंबई : ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मैफली जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात १८, १९ आणि २१ तारखेला झाल्या. त्याच्या चार महिने आधी तिकिटांच्या काळ्या बाजाराची चर्चा देशभर रंगली होती, तक्रार मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत पोहोचली होती. तिकीट कसे मिळवावे, याचा खल जितका झाला, त्याच्या दशांशानेही एका साध्या प्रश्नाचा झाला नाही: कार्यक्रम संपल्यावर इतकी माणसे घरी कशी जाणार?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. देशात मोठ्या मैदानांवरील संगीताच्या कार्यक्रमांची संख्या वाढते आहे आणि त्यांचा प्रेक्षक एका शहरापुरता राहिलेला नाही. परवानगी देताना मैदानाची क्षमता, अग्निशमन, प्रवेशद्वारे, वाहनतळ आणि ध्वनिमर्यादा यांची तपासणी होते. शेवटच्या गाडीची वेळ मात्र त्या यादीत ठळकपणे कुठे दिसत नाही. ती आयोजक, पोलीस आणि रेल्वे यांच्यातील ऐनवेळच्या पत्रव्यवहारावर सोडली जाते.

खरे तर कार्यक्रम कधी संपणार, हे बहुतांश वेळा कायद्यानेच ठरलेले असते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, परंतु महाराष्ट्रात त्यातील बरेचसे दिवस गणेशोत्सव, नवरात्र आणि अन्य सण-उत्सवांसाठी राखले जातात. त्यामुळे उघड्या मैदानावरील मैफल दहाच्या सुमारास आटोपती घ्यावी लागते. म्हणजे मैदान कोणत्या घटकेला रिकामे होऊ लागणार, याचा अंदाज रेल्वेला कित्येक आठवडे आधी असू शकतो. वादळवारा किंवा अपघातामुळे उसळणाऱ्या गर्दीपेक्षा ही गर्दी फार वेगळी आहे. ती घड्याळ लावून येते.

नेरुळचे उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या मैदानाने २०१७ मध्ये जस्टिन बीबर आणि २०१९ मध्ये ‘यू टू’ या कलावंतांचे कार्यक्रम पाहिले. शीव-पनवेल महामार्गाला लागून असलेल्या या संकुलापासून नेरुळ स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दक्षिण मुंबईतील वानखेडे मैदानाशी तुलना केली, तर फरक ध्यानात येतो. वानखेडेचा प्रेक्षक चर्चगेटला पोहोचतो. ते आरंभस्थानक असल्याने गाडी तेथे रिकामी लागते आणि एकाच दिशेने सुटते. नेरुळ हे मधले स्थानक आहे. तेथे गाडी आधीच काही प्रवासी घेऊन येते, थोडा वेळ थांबते आणि निघते. शिवाय गर्दी एका नव्हे, तीन दिशांना पांगते: मुंबईकडे, पनवेलकडे आणि ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाण्याकडे. उरण मार्ग धरला, तर चौथी दिशा. पण तेथील फेऱ्या मुळातच मोजक्या आहेत.

मुंबईच्या उपनगरी सेवेची रचनाही येथे आड येते. ‘रात्री साडेबारानंतरही लोकल असते’ हा मुंबईकराचा दिलासा खरा आहे, पण तो मुंबईतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. दिवसाचे काम आटोपून लोक शहराच्या टोकाकडून उपनगरांकडे परततात, हे गृहीत धरून वेळापत्रक बेतलेले आहे. पनवेलकडून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांचा ओघ त्याआधीच आटू लागतो. नेरुळला मैफल ऐकायला आलेला दादरचा वा अंधेरीचा प्रेक्षक नेमका या उलट्या प्रवाहात सापडतो.

शेवटची गाडी म्हणजे एकच गाडी, हा समजही फसवा आहे. डोंबिवलीच्या प्रेक्षकाला नेरुळहून ठाणे आणि ठाण्याहून मुख्य मार्गाची गाडी गाठावी लागते. विरारच्या प्रेक्षकाला हार्बर मार्गाने वडाळा गाठून पुढे पश्चिम मार्गावर जावे लागते किंवा कुर्ला-दादर असा फेरा घ्यावा लागतो. पहिली गाडी मिळाली, तरी दुसरी मिळेलच असे नाही. प्रवासाची साखळी जिथे सर्वांत कमकुवत असते, तिथेच ती तुटते आणि बहुधा ती जागा मैदानापासून दूर, कुणाचेही लक्ष नसलेल्या एखाद्या फलाटावर असते. मैदानाबाहेरचा बंदोबस्त तेथवर पोहोचत नाही. पुण्या-नाशिकहून आलेल्यांचा तर येथे विचारच केलेला नाही.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा ५० हजार प्रेक्षक आहेत आणि त्यांतले निम्मे रेल्वेने परततात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये सुरक्षितपणे तीन हजार माणसे सामावली, तरी आठ-नऊ गाड्या केवळ या प्रेक्षकांसाठी लागतील. रात्री उशिरा गाड्यांमधील अंतर १५ मिनिटांपर्यंत वाढले, की हा निचरा व्हायला दिशा वेगवेगळ्या धरूनही तासाहून अधिक अवधी जातो. मैदानाच्या दारातून बाहेर पडायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, तो निराळा. दहाला संपलेल्या कार्यक्रमाचा शेवटचा प्रेक्षक फलाटावर साडेअकराच्या पुढे-मागे उभा असतो, आणि जोडगाडीचे गणित तिथून सुरू होते.

कार्यक्रमाची वेळ पुढे सरकली, की हे सारेच कोलमडते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा, सायंकाळी पाचला सुरू झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. त्या आनंदात किती जणांनी घड्याळाकडे पाहिले असेल, हा भाग वेगळा. पावसाने सामना ढकलला, तरी वेळापत्रक आपोआप पुढे ढकलले जात नाही.

यावर उपाय नाही, असे नव्हे. २५ आणि २६ जानेवारी २०२५ रोजी याच वाद्यवृंदाचे कार्यक्रम अहमदाबादच्या नरेंद्र मोदी मैदानावर झाले. १ लाख ३२ हजार आसनांच्या या मैदानाजवळच मोटेरा मेट्रो स्थानक आहे. एरवी रात्री दहाच्या सुमारास थांबणारी तेथील मेट्रो या दोन दिवशी साडेबारापर्यंत चालवली गेली आणि परतीसाठी कागदी तिकिटाची वेगळी सोय करण्यात आली. हे कागदी तिकीट दिसते क्षुल्लक, पण त्याचे मोल मोठे आहे. एक लाख माणसे एकाच वेळी मोबाइल नेटवर्क वापरत असताना क्यूआर संकेत उघडत नाही, खिडकीवर सुट्या पैशांचा घोळ होतो आणि रांग जिन्यापर्यंत येते. जातानाच परतीचे तिकीट हातात असले, तर हा अडथळा राहत नाही. बंगळुरूच्या नम्मा मेट्रोने चिन्नास्वामी मैदानावरील सामन्यांसाठी हीच पद्धत अवलंबलेली आहे.

पश्चिम रेल्वेने त्याच वेळी वांद्रे टर्मिनस ते अहमदाबाद विशेष गाड्या सोडल्या. त्यांची परतीची वेळ मैफल संपल्यानंतरची, मध्यरात्र उलटल्यावरची ठेवण्यात आली. कार्यक्रमाच्या वेळेला गाडीची वेळ जुळवण्याचे हे उत्तम उदाहरण होते. नेरुळच्या कार्यक्रमांसाठीही गोरेगाव-नेरुळ अशा खास लोकलची तजवीज झाली होती. मात्र अशी सोय एखाद्या बहुचर्चित कार्यक्रमापुरती राहते. पुढच्या वर्षी कमी गाजलेल्या गायकाचा तितक्याच गर्दीचा कार्यक्रम झाला, तर ती मिळेल याची शाश्वती नसते.

कोलकात्यात ईडन गार्डन्सवरील आयपीएल सामन्यांनंतर एस्प्लनेड स्थानकातून विशेष मेट्रो सुटते. दिल्ली मेट्रोही अरुण जेटली मैदानावरील सामन्यांच्या रात्री अखेरच्या गाड्यांची वेळ वाढवते. चेन्नईत २०२३ मध्ये आयपीएल सामन्याच्या तिकिटावरच मेट्रोप्रवासाची मुभा देण्यात आली. त्याच शहरात त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी ए. आर. रहमान यांच्या मैफलीत काय झाले, हे आठवण्यासारखे आहे. ईस्ट कोस्ट रोडलगतच्या, मेट्रोपासून दूर असलेल्या जागेवर गर्दी आवरेनाशी झाली, तिकीट असूनही अनेकांना आत जाता आले नाही आणि वाहतूक कोंडीत मुख्यमंत्र्यांचा ताफाही अडकला. क्रिकेटसाठी जे साधते ते संगीतासाठी साधत नाही, याचे कारण सरळ आहे. क्रिकेटला ठरलेली मैदाने, ठरलेले यजमान आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. संगीताचे आयोजक दरवेळी नवे असतात, जागाही पुष्कळदा नवी असते.

जर्मनीत अनेक कार्यक्रमांच्या तिकिटातच सार्वजनिक वाहतुकीचे भाडे धरलेले असते. २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत सामन्याच्या तिकीटधारकांना ३६ तासांचा स्थानिक प्रवास त्यातच मिळाला. भारतात काही हजार रुपयांच्या तिकिटात वाहतुकीचा वाटा घालणे प्रेक्षकाला जड जाणारे नाही. अडचण वेगळीच आहे: तो पैसा रेल्वेला द्यायचा की मेट्रोला, आणि ज्यादा फेरीचा खर्च कुणी कुणाला मागायचा, याची कायमस्वरूपी व्यवस्था नाही. गंमत अशी, की कोल्डप्लेने आपल्या या दौऱ्यात प्रेक्षकांनी कमी प्रदूषण करणाऱ्या साधनांनी यावे, असे आवाहन जगभर केले आहे. आवाहन ऐकून लोकलने आलेल्या प्रेक्षकाने परतताना टॅक्सी केली, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. टॅक्सीचेही गणित सोपे नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी ॲपआधारित टॅक्सींना मागणी वाढल्यास मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणी करण्यास मुभा दिली आहे. मैफल सुटण्याची घटका ही मागणी वाढण्याचीच घटका असते.

रेल्वेच्या बाजूनेही एक रास्त अडचण आहे. मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास हा रूळ, ओव्हरहेड तारा आणि सिग्नल यांच्या देखभालीचा अवधी असतो. तो रोज कमी केला, तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या लाखो प्रवाशांना मोजावी लागेल. म्हणून रात्रभर गाड्या चालवा, ही मागणी भाबडी आहे. तरीही अनंत चतुर्दशीच्या रात्री मुंबईत मध्य आणि पश्चिम रेल्वे विशेष लोकल चालवतात, म्हणजे देखभालीचे वेळापत्रक आगाऊ फिरवता येते. विसर्जनाची तारीख पंचांगात असते. मैफलीची तारीखही परवानगीच्या अर्जावर असतेच.

या विषयाला दुर्लक्षाची मुभा का नाही, हे अलीकडच्या दोन दुर्घटनांनी दाखवले. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकात चेंगराचेंगरीत १८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गर्दीच्या ७३ स्थानकांवर कायमस्वरूपी प्रतीक्षा क्षेत्रे उभारण्याचा निर्णय रेल्वेने घेतला, जेणेकरून गाडी येईपर्यंत लोक फलाटावर नव्हे, बाहेर थांबतील. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण दगावले. मुंबईला तर २९ सप्टेंबर २०१७ चा एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल विसरता येणार नाही. तेथे २३ जणांचा जीव गेला, आणि ती सकाळची, रोजच्या प्रवाशांची गर्दी होती. मैफलीची गर्दी रोजची नसते. तिला पूल, जिने आणि फलाटांचे क्रमांक माहीत नसतात. ‘शेवटची गाडी सुटते आहे’ एवढी एक हाक अशा गर्दीला पळायला पुरेशी असते. म्हणून पुढे आणखी गाड्या आहेत, हे लोकांना मैदानातच, पडद्यावर, कार्यक्रम संपण्याआधी सांगणे हा सुरक्षेचा भाग ठरतो. त्याला फारसा खर्चही येत नाही.

महिला प्रवाशांसाठी प्रश्न आणखी टोकदार आहे. रात्रीच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात पोलीस असतात. पण घर आणि स्थानक यांच्यातले शेवटचे अंतर मध्यरात्रीनंतर रिक्षा न मिळाल्याने पायी कापावे लागते. अनेक कुटुंबांत मुलीला मैफलीला जाऊ द्यायचे की नाही, हा निर्णय कलावंतावर नव्हे, परतीच्या गाडीवर होतो.

आणि प्रेक्षक गेल्यावरही मैदान रिकामे झालेले नसते. खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरील मुले, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे साहित्य उतरवणारे मजूर यांचे काम तेव्हा कुठे अर्ध्यावर आलेले असते. वाढवलेली मेट्रो साडेबाराला थांबते, विशेष लोकल अकराच्या सुमारास निघून गेलेली असते. त्यांच्यापैकी पुष्कळ जण कल्याणच्या पलीकडे किंवा पनवेलच्या आसपासच्या वस्त्यांत राहतात. दिवसाची मजुरी टॅक्सीवर घालवणे त्यांना परवडत नाही. ते मैदानाच्या भिंतीला टेकून किंवा स्थानकाच्या दाराशी पहाटेपर्यंत बसून राहतात. हार्बर मार्गावरील पहिली गाडी चारनंतर येते.