मूतखडा : छेद लहान, प्रश्न मोठे

मूतखडा काढण्यासाठी कमरेच्या बाजूला वीतभर छेद घेऊन मूत्रपिंड उघडण्याचा काळ आता जवळपास इतिहासजमा झाला आहे. १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी पाठीतील लहानशा छिद्रावाटे खडा काढण्याची पद्धत मांडली. १९८० मध्ये म्युनिक येथे ख्रिश्चन शॉसी यांच्या चमूने शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार प्रथमच रुग्णावर केला. पुढे लवचिक दुर्बीण आणि होल्मियम लेसर आल्याने छेदाविना, मूत्रमार्गातूनच मूत्रपिंडापर्यंत पोहोचता येऊ लागले.

मात्र, सर्व खड्यांवर एकच उपाय नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. मूत्रपिंडातील दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी पाठीतील छिद्राची पद्धतच अधिक परिणामकारक ठरते. मधल्या आकारासाठी लहरी की लेसर, हे खड्याची जागा व कठीणपणा पाहून ठरवावे लागते. जाहिरातींतील 'लेसर' या शब्दाच्या मोहिनीवर ते ठरू नये. लवचिक दुर्बीण नाजूक आणि महागडी असते. तिचा भार अखेर रुग्णाच्या बिलावरच पडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रविकारांवरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे. परंतु त्यासाठी लागणारे तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री प्रामुख्याने शहरांत एकवटलेली आहे. उन्हातान्हात राबताना शरीरातील पाणी घटून लघवी दाट होते व खड्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या शेतमजुराला या आजाराची भीती अधिक, त्यालाच उपचारासाठी दूरचा प्रवास करावा लागतो.

या अंतराचा खरा धोका शस्त्रक्रियेनंतर जाणवतो. खडा काढल्यावर अनेकदा मूत्रवाहिनीत 'डीजे स्टेंट' ही नळी ठेवतात. ती सहसा काही आठवड्यांत काढावी लागते. वेदना थांबल्याने रुग्ण परतलाच नाही, तर नळीवरच खडे साचतात आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. प्रत्येक रुग्णालयाने अशा रुग्णांची नोंदवही ठेवून त्यांना मुदतीत बोलावून घेणे, हा अत्यल्प खर्चाचा उपाय आहे. योजनेच्या अटींतच तो बंधनकारक का असू नये?

शिवाय, सुमारे निम्म्या रुग्णांना दहा वर्षांच्या आत पुन्हा खडा होतो. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे आणि मीठ कमी करणे, हा सल्ला घरी जाताना प्रत्येकाला मिळायला हवा. दुर्बीण खडा काढते. तो होण्याची कारणे तशीच राहतात, याचे भान सुटता कामा नये.